दर 21 दिवसांचा बुधवार

काल, 8 जानेवारी 2025 ला, माझ्या भाचीचं पेनिसिलिनचं 19 वं इंजेक्शन झालं. तिला रुमॅटिक फिवर झाला होता, घसादुखीनंतर सांध्यांवर आणि हृदयावर येणारा आजार. वर्ष उलटलं आणि एकही चुकलं नाही. हे लिहायचं कधीपासून डोक्यात होतं, कारण 2023 च्या डिसेंबरात दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रात्र रात्र मोबाईलवर मराठीत काही सापडतंय का म्हणून शोधत होतो आणि सापडायचं ते एक तर लसूण खा, काढा प्या, नाहीतर डॉक्टरलाच कळेल असलं. पहिल्या दिवशी काय विचारायचं, कोणता कागद लागतो, इंजेक्शन कुठं मिळतं हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. मी डॉक्टर नाही, केज तालुक्यात एका कृषी सेवा केंद्रात कामाला आहे, त्यामुळं औषधाचा डोस वगैरे माझ्यावरून ठरवू नका, बाकी जे आमच्यावर गेलं ते जसंच्या तसं सांगतो.

आमची ताई आणि दाजी दरवर्षी ऊसतोडीला जातात. 2023 लाही दिवाळी झाली की टोळीबरोबर सांगलीकडं गेले आणि भाची आमच्याकडं राहिली, माझ्या आईजवळ. सहावीत होती, वय 11. 24 नोव्हेंबरच्या आसपास तिचा घसा दुखायला लागला, गिळताना त्रास, थोडा ताप. गावातल्या दुकानातून तापाची गोळी आणली, आईनं हळद-मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, चार दिवसांत बरी झाली, शाळेत गेली. घशाचं ते दुखणं मी विसरून पण गेलो होतो. पुढं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, आईला आठवलं.

13 डिसेंबरला उजवा गुडघा सुजला. लाल, गरम, हात लावू देईना. दोन दिवसांनी गुडघा मोकळा आणि डावा घोटा धरला, घोटा सुटला तर मनगट. आई म्हणाली थंडीनं वात धरलाय, शेजारचे म्हणाले वाढीचं वय आहे. गावातल्या डॉक्टरनं दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, रात्रीत सूज उतरली, आम्हाला वाटलं झालं काम. हे मुद्दाम लिहितोय. दुखणं असं एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरत असेल तर ते कुठून कुठं गेलं, कोणत्या तारखेला, हे कागदावर लिहून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा. दुखीच्या इंजेक्शननं सूज दबते आणि मग पुढच्या डॉक्टरला खरं चित्र दिसत नाही.

19 तारखेपासून ती जिना चढताना थांबायला लागली. 20 ला रात्री म्हणाली, "मामा, आडवं झालं की दम लागतोय, उशी दे ना अजून एक." तेव्हा मी घाबरलो. सांधा दुखणारी पोरगी दम लागतोय कामून म्हणते?

21 ला सकाळीच तालुक्याला लहान मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बाकी काही न बोलता छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. समोर बसवून ऐकलं, डाव्या कुशीवर झोपवून ऐकलं. मग विचारलं, दोन-तीन आठवड्यांपूर्वी घसा दुखला होता का? मी नाही म्हणालो आणि मागून आई म्हणाली, "दुखला होता की, गुळण्या मीच दिल्यात." डॉक्टरांनी रक्त आणि ईसीजी करून घेतला. एएसओ टायटर, म्हणजे घशातल्या जंतूशी अंग लढल्याची रक्तातली खूण, 800 आला, 200 च्या आत पाहिजे. ईएसआर, अंगात सूज किती ते दाखवणारा आकडा, 96. ईसीजीत एक अंतर वाढलेलं होतं, पीआर म्हणतात त्याला, म्हणजे ठोक्याचा इशारा हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खाली पोचायला जास्त वेळ लागत होता. हृदयातून एरवी ऐकू येत नाही असा फुर्र फुर्र आवाज येत होता. ते म्हणाले, हा रुमॅटिक फिवर वाटतोय, हृदयावर आलेला आहे, इथं थांबू नका. तपासण्यांचे 1,450 रुपये झाले, तपासणी फी त्यांनी घेतली नाही.

22 डिसेंबर, शुक्रवार. 108 ला फोन केला, गाडी पाऊण तासात आली, पैसे लागत नाहीत, हे अजूनही बऱ्याच लोकांना माहीत नाही म्हणून सांगतोय. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो, नाव लिहीत नाही. दुपारी तीनला लेकरांच्या वॉर्डात भरती. आणि शुक्रवारी भरती झालो म्हणजे काय होतं ते तिथं कळालं. 23 ला चौथा शनिवार, 24 ला रविवार, 25 ला नाताळ, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, थेट मंगळवारी 26 ला. वॉर्डातली शिकाऊ डॉक्टर ताई हळूच म्हणाली, बाहेरून होत असेल तर करून आणा, औषध कोणतं सुरू करायचं ते इकोवरच ठरणार आहे. 23 ला दुपारी व्हीलचेअरवरून बाहेर नेलं, 1,800 रुपये गेले. ते पैसे मला महागात पडले असं मी कधीच म्हणणार नाही, पण ज्याच्या खिशात त्या दिवशी 1,800 नसतात त्यानं काय करायचं हा विचार अजून जात नाही.

इकोच्या कागदावर लिहिलं होतं पंपिंग 55 टक्के, मायट्रल वॉल्वला मध्यम ते जास्त गळती. मला वाटलं 55 म्हणजे हृदय अर्धंच चालतंय. तसं नसतंय. हृदय कधीच 100 टक्के रक्त बाहेर टाकत नाही, 55 ते 70 हेच चांगलं असतं. बिघाड होता वॉल्वमध्ये. डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यात दोन पाकळ्यांची एक झडप असते, ती सुजली होती, नीट मिटत नव्हती, त्यामुळं प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागं फुफ्फुसाकडं जात होतं. म्हणून आडवं झालं की दम.

गावात सगळ्यांनी एकच विचारलं, "छिद्र आहे का?" छिद्र नाही. ते जन्मापासूनचं असतं, हे नंतर आलेलं आहे.

मग हे आलं कुठून, हे मला त्याच शिकाऊ डॉक्टरनं शनिवारी रात्री समजावलं, वॉर्ड शांत असताना, आणि मी तिचे उपकार विसरणार नाही. घशात एक जंतू येतो, स्ट्रेप्टोकोकस. शरीराचे सैनिक त्याला अंगावरच्या प्रथिनांवरून ओळखतात आणि मारतात. पण त्या जंतूची काही प्रथिनं आपल्या हृदयाच्या स्नायूतल्या आणि वॉल्वमधल्या प्रथिनांसारखी दिसतात. जंतू मरतो, घसा बरा होतो, पण तोपर्यंत तयार झालेली फौज तोच चेहरा शोधत अंगभर फिरत राहते आणि दोन-तीन आठवड्यांनी सांध्यांवर, हृदयावर, कुणाकुणाच्या मेंदूवर पण जाते, मग हातपाय आपोआप वेडेवाकडे हलतात. म्हणजे हृदयात जंतू शिरलेलाच नसतो, आपलंच शरीर आपल्या हृदयाला मारत असतं. मला आमच्या शिवारातली गोष्ट आठवली, रानडुकरं येतात म्हणून एकानं वावराला करंटची तार लावली आणि पहाटे तारेत घरचंच वासरू गेलं. तार लावणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, तारेला कोण आपलं कोण परकं हे कळत नाही एवढंच. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, हो, अगदी असंच.

तिनं अजून एक सांगितलं. डॉक्टरांमध्ये जुनी म्हण आहे की हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो. सांधे कितीही सुजले तरी पूर्ण बरे होतात, मागं काही राहत नाही. वॉल्व मात्र सुजून बरा होताना जाड होतो, आखडतो, आणि परत घसा धरला की फौज परत उठते, पुढचा वार जास्त जोरात. घसादुखी झालेल्या प्रत्येक लेकराला हे होत नाही, फार थोड्यांना होतं, 5 ते 15 वयात जास्त, आणि जिथं एका खोलीत खूप माणसं झोपतात तिथं जंतू पसरतो म्हणून तिथं जास्त. ऊसतोडीच्या कोप्या माझ्या डोळ्यासमोर आल्या. आणि घसा दुखायला लागल्यापासून 9 दिवसांत पेनिसिलिनचं औषध सुरू झालं असतं तर हे टळू शकलं असतं, हे ऐकल्यावर मी उठून बाहेर गेलो. 24 नोव्हेंबरला मी दुकानातून गोळी आणली होती.

सांध्यांसाठी ॲस्पिरिन, हृदयाची सूज म्हणून स्टिरॉइड, लघवीची गोळी, मीठ कमी, आणि पलंगावरून उठायचं नाही. उपचार एवढेच. रात्री दोन वाजता सिस्टर यायच्या, दिवा न लावता, तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजायच्या. मी विचारलं, झोपलेल्या लेकराची कशाला मोजता? म्हणाल्या, जागेपणी ताप, भीती, रडणं कशानंही नाडी वाढते, झोपेत वाढलेली राहिली तर ते हृदयाचं असतं. पहिल्या रात्री 116. मी वहीत लिहायला लागलो. 112, 114, 106, 98. स्टिरॉइड सुरू होऊन आठवडा झाला तेव्हा 84 आली आणि सिस्टरनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मला बाकी रिपोर्टमधलं काही कळत नव्हतं, तो आकडा कळत होता.

शेजारच्या पलंगावर परभणीकडचा नऊ वर्षांचा मुलगा होता, डेंग्यू होऊन गेल्यावर हृदयाचा स्नायूच सुजलेला, त्याचं पंपिंग 30 वर होतं. त्याचा बाप आणि मी एकाच डब्यात जेवायचो. त्याचा वॉल्व चांगला, स्नायू दमलेला, आमच्या पोरीचं उलटं. दोघांचं मूळ मात्र शरीराच्या त्या फौजेशीच जोडलेलं. तो मुलगा आमच्या आधी घरी गेला, 45 पर्यंत आला होता.

आता कागदांचं. सरकारी असलं तरी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नोंद करून घ्या, दवाखान्यातच आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि आधार मागतात, लेकराचं आधार नसेल तर जन्मदाखला. भाचीचं रेशन कार्ड धारूर तालुक्यात, तिच्या वडिलांच्या गावी, घराला कुलूप, पेटीला कुलूप आणि किल्ली ताईच्या गळ्यातल्या दोऱ्यात, फडावर. दाजींच्या चुलत भावानं ताईला फोन लावून, तिच्या तोंडून हो ऐकून पेटीचं कुलूप तोडलं, कार्डाचा फोटो पाठवला. तर कार्डावर नाव आहे, ऑनलाइन नाही. आरोग्यमित्र भला माणूस, म्हणाला नोंद आत्ता घेतो, ऑनलाइन नाव चढवून आणा. त्यासाठी मी दोन चकरा तहसीलच्या पुरवठा विभागात मारल्या, जन्मदाखला, आधार, अर्ज, आणि दवाखान्याचं भरतीचं पत्र जोडल्यावर काम हललं. ते पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि पाच झेरॉक्स करून ठेवा. योजनेबद्दल काही अडलं तर 155388 ला फोन लागतो, फुकट आहे. आणि माझं ऐकाल तर घरातल्या सगळ्या लेकरांची नावं रेशन कार्डावर ऑनलाइन आहेत का ते आजच बघा, दवाखान्यात पडल्यावर नाही.

ताईला सुरुवातीला खरं सांगितलं नव्हतं, सांधे धरलेत एवढंच. 24 ला सांगितलं. ऊसतोडीला जोडपं म्हणजे एक कोयता धरतात, उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, एकटीनं उठून येणं सोपं नसतं. मुकादमाशी दाजी काय बोलले मला माहीत नाही, पण 27 ला सकाळी ताई वॉर्डाच्या दारात उभी होती, हातावर पाचटाचे ओरखडे तसेच. पोरीनं "माय" म्हणून हाक मारली आणि पलंगावरून उठायला लागली, सिस्टर ओरडल्या, "उठायचं नाही!" आणि मग त्याच बाजूला सरकल्या.

त्याच दिवशी, बुधवारी, पहिलं मोठं इंजेक्शन. बेंझाथिन पेनिसिलिन. तोपर्यंत गोळ्या चालू होत्या कारण वॉर्डात बाटली शिल्लक नव्हती. आधी टेस्ट डोस देऊन थांबतात, काही झालं नाही तर पूर्ण. तिचं वजन 28 किलो, म्हणून 12 लाख युनिटचं. 27 किलोच्या आत असतं तर 6 लाख दिलं असतं असं म्हणाले. हे औषध दुधासारखं पांढरं, दाट असतं, कमरेत खोल द्यावं लागतं आणि खूप दुखतं. हे लपवू नका. आम्ही पहिल्या वेळी मुंगी चावल्यासारखं होईल म्हणून सांगितलं आणि ती आमच्यावर दोन दिवस रुसली. त्यानंतर आम्ही जे शिकलो ते असं, बाटली फ्रिजमधून काढलेली असेल तर दहा मिनिटं तळहातात धरायची, टोचायच्या जागेवर आधी अंगठ्यानं दहापर्यंत मोजत दाबून धरायचं, आणि सिस्टरला विनंती करायची की दोन-तीन मिनिटं घेऊन सावकाश द्या. फरक पडतो. नंतर लगेच थोडं चालवायचं. अर्धा तास तिथंच बसायचं, लगेच एसटी धरायची नाही.

10 जानेवारीला सुट्टी मिळाली, एकूण 20 दिवस. स्टिरॉइडनं तोंड फुगलेलं, भूक मरणाची. गोळ्या हळूहळू कमी करत बंद करायच्या, एकदम नाही, आणि स्टिरॉइड कमी होताना ॲस्पिरिन परत सुरू, तीही जेवल्यावरच. सगळा हिशोब केला तर येणं-जाणं, जेवण, बाहेरच्या तपासण्या मिळून 14 हजारांच्या आसपास गेले, मोडलेल्या कोयत्याचं वेगळं, ते ताई-दाजी अजून फेडतायत.

खरी परीक्षा 17 जानेवारीला, दुसऱ्या इंजेक्शनला. बाटली मी मोठ्या मेडिकलमधून आणली होती, फार महाग नसते पण सगळीकडं ठेवत नाहीत. पण द्यायला कुणी तयार होईना. तीन खाजगी दवाखाने फिरलो, तिघंही म्हणाले रिॲक्शन आली तर आमच्या अंगावर येईल. त्यांची भीती खोटी नाही, पेनिसिलिनची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, पण मग लेकरानं जायचं कुठं? शेवटी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्ड वाचलं, रिॲक्शनची औषधं ट्रेमध्ये तयार ठेवली आणि दिलं. तेव्हापासून तिथंच. डिस्चार्ज कार्डावर "दर 21 दिवसांनी" आणि किती वर्षं हे डॉक्टरकडून ठळक लिहून घ्या, लॅमिनेशन करा, त्या कागदाशिवाय कुणी सुईला हात लावत नाही.

21 दिवसांचा एक फायदा म्हणजे वार बदलत नाही. आमचा बुधवार. 1 मे ला बुधवार आला, महाराष्ट्र दिन, ओपीडी बंद. डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं, एक दिवस आधी चालेल, उशीर नको, म्हणून 30 एप्रिलला घेतलं. 4 सप्टेंबरला पोळ्याच्या पावसात रस्ता चिखलाचा, मोटरसायकलवर आईनं तिला मधी धरून बसवलं आणि गेलो. बाटल्या एकदम दोन आणून ठेवतो, कारण मधी एकदा तीन आठवडे कुठंच मिळत नव्हती, शेवटी लातूरहून एसटीच्या पार्सलनं मागवली.

सगळ्यात जड गेलं ते घरात समजावणं. मार्चपासून पोरगी पळायला लागली, दम नाही, सांधे नाहीत. माझी आई म्हणाली, "आता कामून टोचता लेकराला? बरी झाली की." मी आईला म्हणलं, हे इंजेक्शन हृदयाला बरं करायचं नाहीच, घशात तो जंतू परत घर करू नये म्हणून आहे, जंतू नाही आला तर फौज उठत नाही. आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिच्या पोटात होतं ते बोलली, "पोरीची जात हाय, गावात हृदयाचं नाव काढू नका, उद्या सोयरीक कोण करंल?" मी यावर भांडलो नाही, पण ताईला आणि दाजींना एकत्र बसवून सांगितलं, लपवायचं नाही. वॉल्व खराब राहिला आणि बाळंतपणात ते डॉक्टरला माहीत नसलं तर पोरीच्या जिवाला धोका असतो. दाजी म्हणाले, "ज्याला पाहिजे तो सगळं ऐकून करंल." दाजी फार बोलत नाहीत, त्या दिवशी बोलले.

किती वर्षं? आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, किमान 10 वर्षं, आणि वॉल्वची गळती राहिली तर 40 व्या वर्षापर्यंत. ऐकून ताईनं पदर तोंडाला लावला होता. आता आम्ही वर्षं मोजत नाही, पुढचा बुधवार मोजतो.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, हे आजारपण त्यांच्या यादीत आहे. फेब्रुवारीत ते आले तेव्हा मी कागद घेऊन गेलो, त्यांनी संदर्भपत्र दिलं आणि त्यानंतरचे दोन्ही इको फुकट झाले. तुमच्या शाळेत गाडी कधी येते ते मुख्याध्यापकांना विचारा. दात काढायचा असेल तर आधी दातांच्या डॉक्टरला वॉल्वचं सांगायचं, हेही तिथंच कळालं. आणि घरात आता कुणाचाही घसा दुखला, ताप आला की डॉक्टरला दाखवतो, दिलेलं औषध पूर्ण दिवस घेतो, मधी बंद करत नाही.

सोमवारी, 6 जानेवारीला इको झाला. मध्यम ते जास्त होती ती गळती आता सौम्य लिहिलीय. पंपिंग 62. झडप थोडी जाड राहिलीय, ती तशीच राहील म्हणाले, पण सध्या गोळ्या सगळ्या बंद. फक्त इंजेक्शन.

ताई यंदाही गेलीय, उचल फिटायचीय. काल इंजेक्शन झालं की भाचीनं माझ्या मोबाईलवरून फडावर फोन लावला. "माय, टोचलं. आज आधी मीच अंगठ्यानं दाबलं होतं, दहापर्यंत." पलीकडून ताईनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पोरगी म्हणाली, "29 तारखेला. बुधवारच की."